नट कोणी कसला

मी फौजेत व्हेइकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता वर्ध्याला, बोरगाव मेघेत राहतो. फौजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. मी बंदूक ठरलेल्या फायरिंगपुरती उचलली. पाना मात्र रोज उचलला.

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या वर्कशॉपची एक छोटी डिटॅचमेंट, म्हणजे तुकडी, उत्तरेत, एका उंच खिंडीच्या अलीकडच्या पोस्टवर होती. अकरा माणसं, चार गाड्या, एक तंबू आणि पत्र्याची एक शेड. त्या अकरात आम्ही दोघं वर्धा जिल्ह्याचे. मी आणि नायक मधुकर उईके. मधू तळेगावचा. कोणी गाव विचारलं की तो ‘तळेगाव श्यामजी पंत’ असं पूर्ण सांगायचा, जसं काही समोरच्या पंजाब्याला दुसरं एखादं तळेगाव ठाऊकच होतं.

मधू तिथून परत आला नाही. त्याचे शेवटचे शब्द मी ऐकले होते. ते त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, सांगायला मला एकोणीस वर्षं लागली. एवढा उशीर का झाला आणि गेल्या मार्चमध्ये ते शेवटी कसे सांगितले, तेवढंच इथे लिहितो.

पोस्टवर दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. आधी चहा. मधू मगात तीन चमचे साखर घालायचा आणि लंगरचा कुक रोज विचारायचा, “उईके, चाय पी रहे हो के शरबत?” सहा वाजता चारही गाड्यांची इंजिनं एकेक करून चालू करायची आणि ऐकायची. मधूकडे हातभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची. कुठला भाग कुरकुरतो ते डॉक्टरच्या नळीसारखं ऐकू येतं. मधूचा कान माझ्यापेक्षा चांगला होता. हे तो असताना मी कधी कबूल केलं नाही.

आमच्या सुभेदार साहेबांचा एक नियम होता. गाडीचं काम झालं की ते कोणाच्या नावावर होतं हे जॉब कार्डवर बघायचे नाहीत, एकच प्रश्न विचारायचे. “नट किसने कसा?” ज्याने शेवटचा नट कसला, त्याने त्या गाडीत बसायचं. गाडी गेटपर्यंत जाणार असेल तर गेटपर्यंत, खिंडीपार जाणार असेल तर खिंडीपार. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्याला स्वतःला बसायचं आहे तो माणूस नट सैल होऊ नये म्हणून घालायची कॉटर पिन विसरत नाही. एरवी कार्डवर ज्याचं नाव, शेवटचा नटही तोच कसायचा. त्यामुळे या प्रश्नावरून कधी वाद झाला नाही.

त्या दिवशी सकाळी ०६४० वाजता पोस्टवरच्या एका शिपायाला श्वास घेता येईना. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, तो प्रकार होता. ढग खाली उतरले होते, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. एकच उपाय होता, अँब्युलन्समधून खिंडीपलीकडच्या हॉस्पिटलला. तीन तासांचा रस्ता, पहिला अर्धा सगळा चढाचा.

०७०० ला अँब्युलन्स चालू केली. मधूने स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि लगेच हात वर केला.

“बंद कर.”

“काय झालं?”

“पंख्याचं बेरिंग गेलं. गुरगुरून राह्यलं पाय.”

मी पंख्याचं पातं धरून हलवलं. ते मागेपुढे बोटभर डुलत होतं. इंजिनापुढचा हा पंखा रेडिएटरमधून हवा ओढतो आणि इंजिन गार ठेवतो. त्याचा गाभा, म्हणजे हब, बेरिंगांवर फिरतो. बेरिंग झिजलं की पंखा डुलतो. आणखी झिजलं की पाती रेडिएटरमध्ये घुसतात, पाणी वाहून जातं, इंजिन जाम होतं. वर्कशॉपमध्ये हे झालं तर मेकॅनिकने शिव्या खायच्या. खिंडीत झालं तर आतला पेशंट संपला.

सुभेदार साहेबांनी विचारलं, “कितना टाइम?”

“साहब, तीन घंटे.”

“ऑक्सिजन चालू है. लेकिन ज्यादा टाइम नहीं है.”

जॉब कार्ड माझ्या नावावर फाडलं. ०७२० ला पट्टा काढला, पंखा उतरवला, पुलर लावून हब ओढला. तो निघायला तास गेला. जुनी बेरिंगं ठोकून बाहेर काढली तर एकाचे रोलर निळे पडलेले होते. स्पेअरच्या पेटीत नवा सेट होता, पण थंडीने हबचं लोखंड इतकं आकसलं होतं की बेरिंगची बाहेरची रिंग आत जाईना. मग रॉकेलच्या स्टोव्हवर हब तापवला. तापला की तो किंचित फुलतो आणि रिंग आपसूक बसते.

चूक माझी झाली. हातात तेलकट फडकं घेतलं. हब उचलला आणि फडकं सरकलं. उजव्या तळव्यावर तापलेलं लोखंड आलं. सोडून दिला असता तर खाली दगड होता आणि पोस्टवर दुसरा हब नव्हता. म्हणून मी तो सोडला नाही. मधूने रिंगा आत ठेवल्या, “बसल्या, ठेव आता” म्हणाला, तेव्हा खाली ठेवला.

पुढचं मधूने केलं. ग्रीस भरलं, हब चढवला, नट कसला. या नटाची एक खुबी आहे. आधी पूर्ण कसायचा आणि मग पाव फेरा मागे घ्यायचा, नाहीतर बेरिंग गुदमरतं. मधूने पाव फेरा मागे घेतला, कॉटर पिन घातली, तिचे पाय वाकवले. मी बाजूला बादलीत हात बुडवून बसलो होतो.

१०५० ला गाडी तयार झाली. स्क्रू-ड्रायव्हर लावला. आवाज नव्हता.

सुभेदार साहेब आले. “नट किसने कसा?”

मी तोंड उघडायच्या आत मधू म्हणाला, “मैंने, साहब.”

कार्ड माझं होतं. काम माझं होतं. गाडीत मी बसायला हवं होतं. मी काही बोललो नाही. हात ठणकत होता, थंडी हाडात शिरली होती आणि शेडमध्ये स्टोव्ह पेटलेला होता. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला नंतर फार महाग पडलं.

११०० ला अँब्युलन्स निघाली. चालवायला लान्स नायक बलबीर, शेजारी मधू, मागे पेशंट आणि नर्सिंग असिस्टंट. १४०५ ला हॉस्पिटलमधून निरोप आला, पेशंट पोचला, जिवंत आहे. नर्सिंग असिस्टंट तिथेच थांबला. पोस्टला अँब्युलन्स एकच असल्याने गाडी परत निघाली.

हाताला पट्टी असल्याने मला रेडिओ सेटजवळ बसवलं होतं. १७२० ला सेट खरखरला. मधूचा आवाज होता, मला हाक मारत. सेटवर हिंदीत आणि ठरलेल्या शब्दांत बोलायचा हुकूम होता. आम्ही दोघं तो नेहमी मोडायचो आणि नेहमी बोलणी खायचो.

“दिगू, टॉपवर आलो. बेरिंग चूप आहे. उतरून राह्यलो. चा मांडून ठेवजो.”

ऑपरेटर माझ्याकडे बघत राहिला. “यह कौन सी भाषा है?”

“वर्धा की,” मी म्हणालो आणि शेडमध्ये जाऊन चहा ठेवला.

१७४० ला सेटवर हाक दिली. उत्तर नाही. १७५० ला परत दिली. दुपारी ढग विरल्यावर ऊन खाऊन सैल झालेली दरड टॉपच्या, म्हणजे खिंडीच्या माथ्याच्या, खाली तिसऱ्या वळणावर गाडीवर कोसळली होती. गाडी दुसऱ्या दिवशी ११३० ला मिळाली.

मधूचं पार्थिव घेऊन मी तळेगावला आलो. नीता, त्याची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची होती. तेराव्यानंतर वहिनींनी मला बाजूला बोलावून विचारलं, “भाऊजी, शेवटचं काही बोलले का ते?”

मी म्हणालो, “नाई वयनी. वेळच नाई भेटला.”

खोटं बोललो. चहाचं सांगायचं तर मी चहा ठेवायला शेडमध्ये का होतो तेही सांगावं लागलं असतं. ती हिंमत नव्हती. पुढे दर वर्षी त्याच्या दिवशी तळेगावला जात राहिलो. जेवायचो, फोटोला हार घालायचो, यायचो. वहिनींनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्यामुळे तो जास्तच टोचायचा.

गेल्या मार्चमध्ये एका शनिवारी नीताचा फोन आला. ती आता बावीस वर्षांची आहे. वहिनींनी घेतलेली जुनी डिझेल जीप ती चालवते. आसपासच्या दोन वाड्यांवरची मुलं शाळेत आणते, संत्र्याच्या हंगामात क्रेट वाहते.

“काका, गाडी आवाज करून राह्यली. समोरून.”

“फोन बोनेटजवळ धर.”

तिने धरला. मी डोळे मिटून ऐकलं. वर्ध्यापासून तळेगावपर्यंतच्या अंतरावरूनही तो आवाज मला ओळखू आला.

“पातं हलवून पाय. डुलते का?”

“डुलते ना.”

“मग गाडी चालू करू नको. सोमवारच्या आत करून देतो.”

“इथले मिस्त्री करतीन काका. तुमी काऊन एवढ्या उन्हात येता?”

“नाई. मीच येतो,” मी म्हणालो. तिथले मिस्त्री चांगले आहेत, त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नव्हता. पण हे काम दुसऱ्या कोणाच्या हातून व्हावं असं मला वाटलं नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने निघालो. पिशवीत बेरिंगचा सेट, पुलर, ग्रीसचा डबा आणि तो लांब स्क्रू-ड्रायव्हर. मधूच्या सामानातून तो मी ठेवून घेतला होता, वहिनींना विचारून. सव्वानऊला पोचलो. अंगणात निंबाखाली जीप उभी होती. वहिनींनी जेवण केल्याशिवाय हात लावू देणार नाही असं सांगितलं. मी बोनेट उघडून बसलो तेव्हा चहावर तडजोड झाली.

जीपचा पंखा अँब्युलन्सच्या पंख्यासारखाच हबवर होता. नीता शेजारी बसली. मी सांगायचो, ती करायची. तिला एकदा सांगितलं की पुरतं. पट्टा निघाला, पंखा उतरला, हब ओढला. मार्चच्या उन्हात लोखंड काही आकसत नाही. रिंगा दोन टोल्यांत बसल्या. ग्रीस भरलं, हब चढवला. नट मी हाताने फिरवला, पाना लावला आणि तळवा आखडला. भाजल्यापासून त्या तळव्याची कातडी ओढलेली आहे. लिहिता येतं, जेवता येतं, जोर लावता येत नाही.

“नीता, तू कस. पूर्ण कस आणि मग पाव फेरा मागे घे.”

“मागे काऊन?”

“बेरिंगलेही श्वास घ्यावा लागते.”

तिने कसला, पाव फेरा मागे घेतला, पिन घातली, पाय वाकवले. हात आणि पाने धुवायला ती विहिरीकडे गेली. वहिनी मघापासून ओट्यावर संत्रं सोलत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

“भाऊजी, हा हात तुमाले कवा भाजला? इतके वर्स पाहून राह्यली, तुमी स्टोव्ह म्हणता अन् विषय बदलता.”

मी पुसायचं फडकं घडी घालून खाली ठेवलं. मग सगळं सांगितलं. हब, फडकं, सुभेदार साहेबांचा प्रश्न, मधूचं उत्तर. मी गप्प बसलो ते सांगितलं. मला बरं वाटलं तेही सांगितलं. वहिनींचे हात संत्र्यावर थांबले होते.

“तो माझ्यासाठी खोटं बोलला वयनी. जागा माझी होती.”

त्यांनी संत्रं बाजूला ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “तुमचा हात तर बादलीत होता म्हणता. मंग नट कोनं कसला?”

“मधूनं.”

“पूर्ण?”

“हो. पिनही त्यानंच घातली.”

“अन् साहेबानं काय पुसलं? काम कोनाचं, का नट कोनं कसला?”

मी घडी घातलेलं फडकं पुन्हा उचललं.

“आत्ता या गाडीचा नट कोनं कसला?” त्यांनी विहिरीकडे बोट केलं. “नीतानं. बेरिंग तुमी आनलं, सांगतलं तुमी, पण नट तिनं कसला. तुमच्या साहेबाच्या कायद्यानं आता गाडीत कोन बसन?”

“नीता.”

“मंग ते खोटं नाई बोलले भाऊजी. ते खोटं बोलत नसत. मी त्याईच्याबरोबर संसार केला, मले माहीत हाय.”

मी म्हणालो, “पण मले बरं वाटलं होतं वयनी.”

“भाजल्या हाताच्या माणसाले सावलीत बसून बरं नाई वाटन त काय वाटन?” त्या उठल्या. पदराला हात पुसले. “राग आला मले. एकोणीस वर्स सांगतलं नाई, त्याचा आला. बाकी कायचा नाई.”

मी मान खाली घातली. त्या जीपकडे गेल्या आणि मागचं दार उघडलं.

“चला. तवा बसता नाई आलं, आता बसा. मीही येते.”

नीता चालवायला बसली. मी तिच्या शेजारी, वहिनी मागे. तळेगावच्या पुढे घाट लागतो. मोठा नाही, आमच्या खिंडीपुढे तर तो अंगणातला उंचवटा. पण भर उन्हात जुन्या डिझेल इंजिनाची परीक्षा घ्यायला पुरेसा आहे. दुपारी १२४० ला चढ सुरू झाला. नीताने गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली. मी टेम्परेचरच्या काट्यावरून नजर हलवली नाही. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. पुढे ट्रक होते, पळसाची झाडं फुललेली होती.

वर पोचल्यावर मी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. इंजिन चालू ठेवून बोनेट उघडलं, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, कान लावला. मग तो वहिनींना दिला. त्यांनी पदर मागे सारून मूठ कानाला लावली.

“काहीच आयकू नाई येत,” त्या म्हणाल्या.

“तेच ऐकायचं असते.”

आणि मग मी सांगितलं. “वयनी, तो बोलला होता. शेवटचं. टॉपवरून, सेटवर.”

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर कानावरून काढला नाही.

“म्हणाला, ‘दिगू, टॉपवर आलो. बेरिंग चूप आहे. उतरून राह्यलो. चा मांडून ठेवजो.’”

नीता गाडीला टेकून उभी होती. तिला वडिलांचा आवाज कधी ऐकलेला आठवत नाही. तिने मला ते वाक्य परत म्हणायला लावलं. मी परत म्हटलं, त्याच्यासारखं, जमेल तसं. मग तिने ते हळूच स्वतः म्हणून पाहिलं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवायचं वय आता राहिलं नाही.

वहिनींनी डोळे पुसले. “मंग मांडलता का तुमी?”

“मांडला होता. डाव्या हातानं.”

“साखर?”

“तीन चमचे.”

त्यांनी मान हलवली. “मंग ठीक हाय,” त्या म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

आम्ही १३३० ला घरी पोचलो. जेवलो. सोमवारी सकाळी नीताने मुलं शाळेत सोडली आणि फोन केला, आवाज नाही म्हणून. तो शिपाई, ज्याला त्या दिवशी खिंडीपार नेलं होतं, बरा होऊन ड्युटीवर परत आला होता. लान्स नायक बलबीर आणि नायक मधुकर उईके आले नाहीत.

दरडीतून अँब्युलन्स काढायला मी स्वतः गेलो होतो. हाताला पट्टी असताना, कोणी नको म्हटलं तरी. बॉडी चेपली होती, रेडिएटर फुटला होता. पंखा डाव्या हाताने फिरवला तर फिरला, गुरगुरला नाही. हबचा नट जागच्या जागी होता, कॉटर पिनचे पाय वाकवलेले. हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही, कारण त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. जॉब कार्डवर माझं नाव आहे आणि कार्ड आता बदलता येत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. तो नट नायक मधुकर उईके, तळेगाव श्यामजी पंत, यांनी कसला होता.